खालची गाडी निघेना: पार्ल्यातल्या एका बॅटरीचं प्रकरण

पार्श्वभूमी

विलेपार्ले पूर्वेची, पुनर्विकास होऊन नव्याने उभी राहिलेली इमारत. घरं मोठी झाली, लिफ्ट आली, आणि गाड्यांसाठी मिळालं स्टॅक पार्किंग. एका जागेत खाली जमिनीवर एक गाडी, तिच्या डोक्यावर लोखंडी प्लॅटफॉर्मवर दुसरी. वरची उतरवायची तर आधी खालची बाहेर काढावी लागते. म्हणजे खालच्या गाडीची तब्येत हा दोन कुटुंबांचा प्रश्न असतो. हे वाटप करताना कोणी सांगत नाही.

खालची गाडी एका निवृत्त बँक अधिकाऱ्यांची. त्यांना काकाच म्हणू, सगळी सोसायटी तेच म्हणते. पेट्रोलवर चालणारी एएमटी गियरची (क्लचचं पेडल नसलेली, गियर यंत्रच बदलतं अशी) छोटी हॅचबॅक, २०२०च्या दिवाळीत घेतलेली, बॅटरी कंपनीतून आली तीच, ३५ अँपिअर-अवर क्षमतेची. पहिली तीन वर्षं मुलगी रोज ही गाडी ऑफिसला नेत होती. २०२४च्या जानेवारीत तिचं ऑफिस बदललं, ती लोकलने जाऊ लागली आणि गाडी काका-काकूंच्या वाट्याला आली. बाजार, डॉक्टर, दीनानाथ नाट्यगृहातला रविवारचा प्रयोग. सगळं दोन-तीन किलोमीटरच्या आत, तेही आठवड्यातून दोनदा.

एप्रिलमध्ये, पाडव्यानंतर, काकांनी कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरच्या एका दुकानातून डॅशकॅम बसवून घेतला. पार्किंगमध्ये कोणीतरी बंपर घासून गेलं होतं, म्हणून गाडी बंद असतानाही चित्रण चालू ठेवणारा, थेट फ्यूज बॉक्समधून वीज घेणारा.

वरच्या गाडीचे मालक मूळचे चिपळूणचे. दरवर्षी गणपतीला गावी जातात. २०२४ साली चतुर्थी ७ सप्टेंबरला होती, ते ५ तारखेला पहाटे चारला निघणार होते.

मी पश्चिम उपनगरात ऑटो इलेक्ट्रिशियनचं काम करतो. गाडी माझ्याकडे नंतर आली. पहाटेचं सगळं मी काका, त्यांची मुलगी, वरचे शेजारी आणि वॉचमन यांच्याकडून वेगवेगळं ऐकलं, आणि त्यांच्या परवानगीने नावं गाळून लिहितो आहे.

आधी दिसलेली लक्षणं

बॅटरी न सांगता-सवरता गेली असं काकांचं म्हणणं. मला ते पटलं नाही, म्हणून प्रत्येकाला बसवून विचारलं. एप्रिल ते ऑगस्ट या काळात बॅटरीने कमीत कमी सहा वेळा निरोप धाडला होता. पण प्रत्येक निरोप वेगळ्या माणसाकडे गेला, आणि प्रत्येकाकडे त्याचं वेगळं, अगदी पटण्यासारखं कारण तयार होतं.

पहिला निरोप काकांनाच मिळाला. मे महिन्यात चार-पाच दिवस गाडी उभी राहिली की सेल्फ, म्हणजे इंजिन सुरू करणारी मोटर, जड फिरायचा. एरवी एका दमात होणारं काम घुर्र… घुर्र… घुर्र असं रखडत व्हायचं. गाडी चालू व्हायची, म्हणून विषय संपायचा. "गाडी उभी राहिली की आळसावतेच," हे काकांचं स्पष्टीकरण. लगेच दुसऱ्या दिवशी काढली तर मात्र सेल्फ नीट फिरायचा. खरी खूण हीच होती. उभं राहिल्यावरच त्रास होतो, याचा अर्थ दोनपैकी एक: बॅटरी चार्ज धरून ठेवत नाही, किंवा गाडी बंद असताना कोणीतरी तिच्यातून वीज खातं आहे. इथे दोन्ही होतं.

दुसरा निरोप काकूंना. एकदा गाडीत बसल्यावर त्यांनी पाहिलं, स्क्रीनवरचं घड्याळ बारा दाखवतंय. मुलीने ते लावून दिलं. पंधरवड्याने पुन्हा तेच. "तुमच्या त्या कॅमेऱ्याने काहीतरी बिघडवलंय," असं काकू म्हणाल्या आणि सगळे हसले. सेल्फ फिरताना विजेचा दाब, म्हणजे व्होल्टेज, इतका पडत होता की घड्याळाची स्मृतीच पुसली जात होती. आणि कॅमेऱ्याबद्दल काकू अर्ध्याहून जास्त बरोबर होत्या.

तिसरा निरोप ८ जुलैचा. त्या दिवशी पहाटेपासून मुंबईत जो पाऊस कोसळला तो अनेकांच्या लक्षात असेल. मुलगी काकूंना घेऊन गाडीने निघाली आणि तुंबलेल्या रस्त्यात अडकली. एसी, काचेवरचा ब्लोअर, हेडलाइट, वायपर सगळं चालू, इंजिन नुसतं घुमतंय. वायपर रेंगाळायला लागले. ॲक्सिलरेटर जरा दाबला की हेडलाइट उजळायचे, सोडला की पिवळे पडायचे. तिने वायपरच्या रबराला दोष दिला आणि नंतर रबर बदलूनही घेतलं. रेंगाळणाऱ्या वायपरचा रबराशी फार संबंध नसतो. इंजिन मंद असताना अल्टरनेटर, म्हणजे आमच्या भाषेत डायनामो, कमी वीज देतो. वर भार चढवला की उरलेली तूट बॅटरीने भरून काढायची असते. तिच्यात भरायला काही नसेल तर दिवे आणि मोटरी लगेच दमतात.

चौथा निरोप वॉचमनला. तो रोज पाहायचा की रिमोटने लॉक करताना इतर गाड्यांचे इंडिकेटर चमकतात आणि काकांच्या गाडीचे नुसते लुकलुकतात. त्याने ते काकांना सांगितलंही. काकांनी रिमोटमधला सेल बदलला. इथे फरक लक्षात घ्या. रिमोटचा सेल संपला तर लांबून लॉक होत नाही, जवळ जावं लागतं. लॉक होतं पण दिवे मलूल आणि लॉकचा आवाज बसका, तर दुखणं गाडीच्या बॅटरीत आहे.

गाडी धुणाऱ्या मुलाने बॉनेट उघडलं तेव्हा टर्मिनलवर पांढरी-हिरवट बुरशीसारखी पावडर साचलेली होती. त्याने गरम पाणी ओतून ती साफ केली आणि कौतुकही करून घेतलं. अशी पावडर एकट्याने फारसं सिद्ध करत नाही, आपल्या खाऱ्या दमट हवेत चांगल्या बॅटरीलाही ती धरते. पण बाकीच्या लक्षणांच्या पंगतीत ती बसली की दखल घ्यायला हवी.

सहावा निरोप सगळ्यात बोलका होता आणि नेमका तोच थेट सर्व्हिस सेंटरला पोचला.

पहिला निर्णयाचा क्षण: सर्व्हिस सेंटर

ऑगस्टच्या सुरुवातीला गियर अडखळायला लागला. किल्ली फिरवल्यावर डॅशबोर्डवरचा 'एन' लुकलुकत राहायचा, सेल्फ लागायचाच नाही. दुसऱ्यांदा किल्ली फिरवली की चालू. एएमटीमध्ये क्लच दाबणं आणि गियर बदलणं ही कामं विजेवर चालणारा पंप आणि वॉल्व्ह करतात. बॅटरीचा दाब खाली गेला की गियरबॉक्सचा कंट्रोलर आधी कुरकुरतो. मॅन्युअल गाडीत जे दुखणं फक्त सेल्फमध्ये दिसतं, ते एएमटीत गियरच्या दुखण्याचं सोंग घेऊन येतं.

काका गाडी घेऊन सर्व्हिस सेंटरला गेले. तिथे स्कॅनर लावला, कमी व्होल्टेजचे जुने कोड, म्हणजे गाडीने स्वतः नोंदवलेल्या तक्रारी, निघाले, ते पुसले. काकांनी रीतसर विचारलं, "बॅटरीचं काही नाही ना?" तिथल्या मुलाने मीटर लावला. १२.७ व्होल्ट. बॅटरीच्या डोळ्यातही, म्हणजे तिच्यावरच्या छोट्या खिडकीतही, हिरवा रंग. "एकदम ओके आहे, काका."

या प्रकरणात मी सगळ्यात जास्त वेळ या एका मिनिटावर घालवला आहे. आकडा खोटा नव्हता, मीटरही नव्हता. मोजण्याची वेळ चुकीची होती. बारा व्होल्टच्या बॅटरीत सहा सेल असतात, प्रत्येक साधारण २.१ व्होल्टचा. पूर्ण भरलेली, निवांत पडलेली बॅटरी १२.६ ते १२.७ दाखवते. १२.४ म्हणजे साधारण पाऊण, १२.२ म्हणजे अर्धी, आणि १२ च्या खाली गेली की जवळपास रिकामी. पण हे आकडे निवांत पडलेल्या बॅटरीचे. गाडी चालवत आणून लगेच मीटर लावला तर डायनामोने नुकताच दिलेला चार्ज प्लेटांच्या पृष्ठभागावर तरंगत असतो आणि मरणासन्न बॅटरीसुद्धा १२.७ दाखवते. खरा आकडा हवा असेल तर गाडी रात्रभर उभी ठेवून सकाळी दार न उघडता, म्हणजे आतले दिवे न लागू देता मोजावा. तेवढा वेळ नसेल तर हेडलाइट दोन मिनिटं लावून बंद करावे, थोडं थांबावं, मग मोजावं.

आणि तो हिरवा डोळा. तो सहापैकी एकाच सेलमधल्या द्रावणाची घनता दाखवतो. बाकीच्या पाचांचं काय चाललंय ते त्याला ठाऊक नसतं.

खरं तर विचारायला हवं होतं ते हे: सेल्फ मारताना दाब कुठपर्यंत पडतो? मीटर लावून ठेवायचा, दुसऱ्याला किल्ली फिरवायला सांगायची. साध्या हवामानात तो ९.६ च्या खाली जाता कामा नये. एका मिनिटाचं काम आहे आणि त्याला स्कॅनर लागत नाही. "बॅटरी ठीक आहे का" असं विचारलं की "ठीक आहे" हे उत्तर मिळतं. "सेल्फ मारताना किती दाखवते ते माझ्यासमोर बघा" म्हटलं की आकडा मिळतो.

५ सप्टेंबरची पहाट

गाडी रविवारपासून हललेली नव्हती. ठरल्याप्रमाणे काका चारला पाच मिनिटं कमी असताना खाली आले. रिमोट दाबला, काहीच नाही. रिमोटच्या आतली लोखंडी किल्ली काढून दार उघडलं. किल्ली फिरवली तर डॅशबोर्ड क्षणभर मिणमिणला, टकटकटकटक असा आवाज झाला आणि सगळं काळं.

हा आवाज ओळखायला शिकण्यासारखा आहे. झरझर टकटक म्हणजे बॅटरीत दम नाही, सोलेनॉइड, म्हणजे सेल्फला वीज जोडणारा स्विच, ओढतो आणि सोडतो. एकच जोरदार 'टक्क' आणि दिवे मात्र लख्ख, तर संशय सेल्फवर किंवा ढिल्या जोडणीवर घ्यावा. सेल्फ जोरात फिरतो पण इंजिन पकडत नाही, तर बॅटरीला सोडा आणि पेट्रोल, प्लगकडे बघा.

वरचे शेजारी बायको, दोन मुलं, आई आणि मखराचं सामान घेऊन उभे. शेजाऱ्यांची आई म्हणाली, "अहो, ढकला की गाडी, चार जण आहेत." एवढंच सोपं असतं तर.

कोणते पर्याय होते

ढकलणं पहिल्यांदाच बाद झालं. काका गाडी सवयीने गियरमध्ये ठेवून हँडब्रेक लावतात. मॅन्युअल गाडी असती तर क्लच दाबून न्यूट्रलला आणली असती. एएमटीत गियर काढायलाच वीज लागते, आणि वीज नव्हती. दांडी 'एन'वर सरकते, आतला गियर सरकत नाही. धक्का मारून चालू करण्याचा प्रश्नही त्याच कारणाने मिटला.

दुसरा पर्याय जंपर केबलचा. गाडी नाक आत करून लावलेली, म्हणजे बॅटरी भिंतीकडे. बाहेर दुसरी गाडी उभी केली तर केबल निम्म्यात संपते. शेजारच्या जागेतल्या खालच्या गाडीचं बॉनेट अगदी हाताच्या अंतरावर होतं, तिच्यावरून सहज झालं असतं. पण ते कुटुंब आदल्या रात्रीच राजापूरला गेलेलं, किल्ली त्यांच्यासोबत.

रोडसाइड असिस्टन्सला फोन केला तर माणूस यायला दोन तास. गणपतीच्या तोंडावर तेही शक्यच आहे. बॅटरीची दुकानं उघडायला सकाळचे साडेनऊ-दहा. भाड्याची गाडी घेऊन निघावं असंही शेजाऱ्यांच्या मनात आलं, पण त्या आठवड्यात कोकणात जाणारी मोठी गाडी पहाटे चारला मिळणं म्हणजे लॉटरीच. या सगळ्या खलात पाऊण तास गेला. शेजारी काकांशी आदराने बोलत होते, पण त्यांच्या मिसेसनी एकदा "काका, कालच बघून ठेवायला हवी होती ना" म्हटलंच. काकांना ते फार लागलं. मला सांगताना त्यांनी ते दोनदा सांगितलं.

काय केलं

मार्ग काढला वॉचमनने. गल्लीच्या तोंडाशी एक काळी-पिवळी टॅक्सी रात्रीची उभी असते. त्याने चालकाला उठवून आणलं. टॅक्सीवाल्यांनी डिकीत जंपर केबल ठेवण्याची जुनी पद्धत आहे. केबल पोचत नाही हे पाहिल्यावर त्याने चकार शब्द न बोलता टॅक्सीचं इंजिन बंद केलं, बॅटरी खोलली आणि हातात घेऊन आत आला.

वर प्लॅटफॉर्म असल्यामुळे काकांच्या गाडीचं बॉनेट पुरतं उघडेना. शेजाऱ्यांनी ते अर्धवट धरून ठेवलं, मुलीने मोबाइलचा टॉर्च धरला. टॅक्सीवाल्याने क्रम नीट पाळला: लाल चिमटा आधी मेलेल्या बॅटरीच्या प्लसला, मग चांगलीच्या प्लसला, काळा चांगलीच्या मायनसला, आणि काळ्याचं शेवटचं टोक मेलेल्या बॅटरीला नाही, तर इंजिनच्या उघड्या लोखंडाला, बॅटरीपासून लांब. शेवटचा चिमटा लावताना ठिणगी पडते, आणि बॅटरीभोवती हायड्रोजन साचलेला असू शकतो. म्हणून ती ठिणगी लांब पाडायची. काढताना उलटा क्रम. पुष्कळ जण हे घाईत चुकतात. झोपेतून उठवलेला हा माणूस चुकला नाही.

लगेच किल्ली फिरवली नाही हेही बरं केलं. पाच मिनिटं नुसती जोडून ठेवली, म्हणजे मेलेल्या बॅटरीत थोडी धुगधुगी आली. दुसऱ्या प्रयत्नात इंजिन लागलं. काकांनी गाडी बाहेर काढली, वरची उतरली. शेजारी निघाले तेव्हा सहा वाजायला आले होते. पुढे माणगाव-इंदापूरच्या कोंडीत त्यांचे किती तास गेले ते मी विचारलं नाही. टॅक्सीवाल्याने जाताना बजावलं, "साहेब, आता बंद करू नका. लांब फिरवून आणा."

दुसरा निर्णयाचा क्षण: बंद करावी की नाही

काकांनी वीसेक मिनिटं कंपाउंडमध्ये इंजिन चालू ठेवलं. धुराचा वास वर येतो म्हणून पहिल्या मजल्यावरून कोणीतरी ओरडलं. काकांना वाटलं, एवढ्यात भरली असेल. त्यांनी इंजिन बंद केलं आणि चहाला वर गेले. नऊ वाजता गाडी पुन्हा मेली, या वेळी गेटच्या तोंडावर.

उभ्या गाडीत, मंद इंजिनवर वीस मिनिटांत बॅटरीत फार थोडं जातं, सेल्फने एका दमात जे ओढलं ते भरून निघालं तरी पुष्कळ. पूर्ण रिकामी ३५ अँपिअर-अवरची बॅटरी नीट भरायला चार्जरवर तीन-चार अँपिअरने आठ-दहा तास लागतात. हायवेवरून बोरिवलीपर्यंत जाऊन आले असते तर गाडी निदान पुन्हा चालू होण्याइतकी भरली असती. पूर्ण मात्र नाहीच.

साडेनऊला असिस्टन्सचा माणूस आला. बूस्टर लावून गाडी चालू केली आणि म्हणाला, "बॅटरी गेलीय. नवीन आहे माझ्याकडे, लगेच टाकतो." तिसरा निर्णय इथे होता. काका तयार होते, पाकीटही काढलं होतं. घरी गणपती यायचे, सामान आणायचं, कोण डोकं लावणार? मुलगी अडली. "बाबा, सर्व्हिसवाल्याने महिन्यापूर्वीच चांगली सांगितली होती. मग महिन्यात अशी कशी गेली? आधी कारण कळू दे."

सणाच्या दोन दिवस आधी हा हट्ट धरणं सोपं नव्हतं, आणि असिस्टन्सवाल्याचं निदान चुकीचंही नव्हतं. बॅटरी गेलीच होती. पण ती गेली कशाने हे नवी टाकून कळलं नसतं. इंजिन बंद न करता ते गाडी थेट माझ्याकडे घेऊन आले.

तपासणीत काय निघालं

बॅटरी काढून रात्रभर हळू चार्ज केली, मग काही तास तशीच पडू दिली. १२.३. भरून घेऊनही अर्ध्याच्या थोडी वर. गाडीत लावून सेल्फ मारला तर काटा ८.४ वर. कंडक्टन्स टेस्टरने, म्हणजे बॅटरी किती जोराने वीज देऊ शकते ते पाहणाऱ्या यंत्राने, ताकद लेबलवरच्या आकड्याच्या निम्म्याहून कमी दाखवली. तिच्याबद्दल आता वाद नव्हता.

डायनामो पाहिला: इंजिन चालू करून १४.३, एसी-हेडलाइट-ब्लोअर-वायपर सगळं लावून १३.८. उत्तम. पट्टा घट्ट, अर्थिंगची वायर साफ.

मग गाडी बंद करून, सगळे कंट्रोलर झोपी जाईपर्यंत अर्धा तास थांबून, मायनसच्या वायरमध्ये मीटर जोडला. बंद गाडी घड्याळ, सुरक्षा वगैरेसाठी २० ते ५० मिलीअँपिअर खाते, ते चालतं. इथे २१०. एकेक फ्यूज उपटत गेलो. डॅशकॅमचा काढला आणि आकडा ३० वर आला.

हिशोब करा. २१० मिलीअँपिअर म्हणजे दिवसाला पाच अँपिअर-अवर. कागदावर ३५ असलेल्या आणि प्रत्यक्षात निम्म्याच्या आसपास उरलेल्या बॅटरीला रविवार ते गुरुवार पहाट पुरेसे होतात. वर स्टॅक पार्किंगची गंमत अशी की शेजारचे प्लॅटफॉर्म वर-खाली झाले की धरणी हादरते, आणि कॅमेऱ्याला वाटतं कोणीतरी गाडीला धडकलं. तो इमानदारीने जागा होतो आणि चित्रण करतो. त्या कार्डावर कोणाच्याही बंपरचं चित्र नव्हतं, होता तो तासन्‌तास दिसणारा भिंतीचा रंग.

अशा कॅमेऱ्याच्या वायरिंगमध्ये बॅटरी एका मर्यादेखाली गेली की वीज तोडणारा स्विच असतो. तो इथे होता, पण ११.६ वर लावलेला. ११.६ म्हणजे बॅटरी रिकामी करून मग सोडणं. एप्रिलपासून दर आठवड्याला बॅटरी जवळपास तळाला जात होती आणि दोन किलोमीटरच्या फेरीत तिला घोटभर मिळत होतं. अशा अर्धपोटी अवस्थेत प्लेटांवरचं लेड सल्फेट कडक स्फटिक होऊन बसतं आणि पुन्हा विरघळत नाही. त्यात मुंबईचा उन्हाळा. तापमान १० अंशांनी वाढलं की आतली झीज साधारण दुप्पट वेगाने होते, असा बॅटरीच्या धंद्यातला ठोकताळा आहे.

थंडीत बॅटरी जाते असं बाहेरच्या देशातलं वाचून लोक मला डिसेंबरात तपासायला सांगतात. आपल्याकडे कुठली एवढी थंडी? इथे नुकसान एप्रिल-मेमध्ये होतं आणि उघडं पडतं पावसात, वायपर आणि दिवे लागल्यावर. तपासायची तर मेच्या शेवटी तपासावी.

परिणाम

नवी बॅटरी टाकली, त्याच मापाची. मोठी टाकू का असं काकांनी विचारलं होतं. गळती बंद केली तर गरज नव्हती आणि खोबणीतही बसली नसती. जुनी परत देऊन किंमत चार हजारांच्या घरात गेली. घेताना तिच्यावरचा उत्पादनाचा महिना पाहिला, वॉरंटी कार्डावर तारीख आणि शिक्का मारून घेतला. काचेची एका दाबात वर जाण्याची सेटिंग पुन्हा करावी लागली. जुनी बॅटरी विक्रेत्याकडेच दिली. २०२२च्या बॅटरी कचरा नियमांप्रमाणे ती अधिकृत गोळा करणाऱ्याकडेच जायला हवी. भंगारवाला शंभर-दोनशे जास्त देतो, पण शिसं आणि ॲसिड कुठल्या गटारात जातं ते तो सांगत नाही.

कॅमेऱ्याची मर्यादा १२.४ वर नेली आणि धक्क्याची संवेदना सगळ्यात कमी ठेवली. कॅमेरा काढूनच टाकावा असं माझं मत होतं. काका तयार झाले नाहीत, बंपरची जखम अजून ताजी होती. बॅटरीचा आकडा दिसत राहावा म्हणून लायटरच्या खोबणीत लावायचा छोटा व्होल्टमीटर घेतला, काही शेकड्यांत मिळतो. किल्ली पहिल्या टप्प्यावर फिरवली की दिसतो. १२.४ च्या खाली दिसला की मुलगी रविवारी गाडी ठाण्यापर्यंत फिरवून आणते. पुढच्या मेमध्ये गाडी तपासायला आणली तेव्हा रात्रभर उभी राहून १२.६ आणि सेल्फला १०.४ होती.

वेगळं काय करता आलं असतं

कॅमेरा बसवतानाच "बंद गाडीत हा किती खातो आणि कितीला बंद होतो" हे दोन प्रश्न विचारता आले असते. गाडी रोज चालणार असती तर ११.६ ची मर्यादाही कदाचित निभावली असती. आठवड्यातून दोनदा निघणाऱ्या गाडीला ती झेपणारी नव्हती. सर्व्हिस सेंटरने कमी व्होल्टेजचे कोड पुसण्याआधी ते का आले हे शोधायला हवं होतं. कोड ही तक्रार असते, ती पुसून तक्रार मिटत नाही. आणि चार वर्षांकडे झुकलेली, छोट्या फेऱ्यांची बॅटरी असताना आकडा ओके आला तरी भार देऊन पाहणं योग्य होतं.

घरातही थोडं वेगळं घडू शकलं असतं. घड्याळ काकूंनी पाहिलं, वायपर मुलीने, इंडिकेटर वॉचमनने, सेल्फ काकांनी. चौघांनी एका चहाच्या वेळी हे एकमेकांना सांगितलं असतं तर जुलैमध्येच उलगडा झाला असता. गाडी चालवणारे अनेक आणि तिची काळजी एकाकडे, अशा घरांत हे नेहमी होतं.

पार्किंगचा प्रश्न मात्र अजून लोंबकळतो आहे. त्या पहाटेनंतर सोसायटीने ऑफिसात एक पोर्टेबल जंप स्टार्टर आणून ठेवला, आणि लांबच्या प्रवासाला निघणाऱ्याने आदल्या संध्याकाळी दोन्ही गाड्या एकदा चालू करून पाहायच्या असं ठरलं. खालच्या एएमटी गाड्या न्यूट्रलला ठेवाव्यात, म्हणजे निदान ढकलता येतील, असा ठराव वरच्या शेजाऱ्यांनी मांडला होता. स्टॅकची देखभाल करणारा माणूस म्हणतो, हँडब्रेकबरोबर गियरही हवाच, नाहीतर हादऱ्याने गाडी सरकली तर जबाबदारी त्याची नाही. दोघांच्या म्हणण्यात तथ्य आहे. मागच्या दोन सभांमध्ये हा विषय पुढे ढकलला गेला, आणि काका तोवर दोन्ही करून बघतात: सोमवार ते शुक्रवार गियरमध्ये, शनिवार-रविवार वरच्यांची गाडी हमखास निघते म्हणून न्यूट्रलला, चाकाखाली लाकडी ठोकळा लावून.